एबीएस प्लास्टिकमधे हिप्सचं (रबर घातलेलं पॉलिस्टायरीन) ग्राइंडिंग, म्हणजे दळलेलं भंगार, मिसळलं गेलंय बहुतेक, पार्टला पापुद्रे सुटतायत, काय करू?

साचेवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी, भोसरीत माझ्या दोन छोट्या मोल्डिंग मशीनी आहेत, मिक्सरच्या खालच्या बेसचं जॉबवर्क करतो, काळा एबीएस. गेल्या महिन्यात नव्या प्लास्टिकच्या दाण्याचा भाव परवडेना म्हणून एका भंगारवाल्याकडून 300 किलो काळं ग्राइंडिंग घेतलं, तो म्हणाला सगळं स्कूटरच्या पॅनलचं एबीएस आहे. व्हर्जिनमधे (नव्या दाण्यात) 40 टक्के टाकून चालवलं, दिसायला पार्ट एकदम छान आला, चमकही बरी होती. पण असेंब्लीत स्क्रू मारताना बॉस (स्क्रू बसतो ती पोकळ नळी) उभा चिरतोय, आणि गेटजवळ (माल साच्यात शिरतो तिथे) नखाने खरवडलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर निघून येतोय!! मला वाटलं ओल असेल म्हणून 80 डिग्रीला चार तास सुकवलं, फरक नाही. मग बॅरल (मशीनमधला प्लास्टिक वितळवायचा नळा) 250 डिग्रीपर्यंत नेला, नुसता वास वाढला. शेजारचे म्हणतायत टायरची रबर पावडर 5 टक्के टाक, एबीएसमधेही रबरच असतं ना, मजबुती येईल. टाकू का? पार्टीला शुक्रवारी 2000 नग द्यायचेत आणि झोप उडालीये.

दाणा_आणि_डाय:
दादा आधी मशीन थांबवा आणि ते ग्राइंडिंग बाजूला काढा. सुकवण्याने हे जाणार नाही. ओलीचा दोष असता तर चांदीसारख्या रेघा दिसल्या असत्या, पापुद्रा सुटतो तो दोन न जुळणारे प्लास्टिक एकत्र आल्यावर. तुमच्या मालात हिप्स घुसलंय असं मला जवळजवळ खात्रीने वाटतंय, फ्रिजच्या आतली पांढरी शीट, टीव्हीचे मागचे कव्हर, हे सगळं बऱ्याचदा हिप्स असतं आणि एकदा काळ्यात दळलं की कुणाच्या बापाला ओळखू येत नाही.

लोक फसतात ते नावामुळे. दोन्हीत स्टायरीन, दोन्हीत ब्युटाडाइनचं रबर, दोन्हीची घनता 1.05 च्या आसपास, मग मिसळायला काय हरकत? पण एबीएसमधे रबर ज्यात बसलेलं असतं तो भाग स्टायरीन आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइल एकाच साखळीत गुंफलेला असतो, त्याला सॅन म्हणतात, आणि हिप्समधे तो भाग निव्वळ पॉलिस्टायरीन असतो. हे दोघं वितळल्यावरसुद्धा एकमेकांत विरघळत नाहीत. मशीनचा स्क्रू कितीही फिरवा, एकाचे थेंब दुसऱ्यात पसरतात इतकंच, आणि गेटमधून जोरात जाताना ते थेंब ताणले जाऊन पत्र्यासारखे चपटे होतात, तोच तुमचा पापुद्रा. बॉसमधे तर पिनच्या दोन बाजूंनी आलेला माल परत भेटतो, तिथे वेल्डलाइन, म्हणजे सांध्याची रेघ, आधीच कच्ची असते, त्यात हे, मग स्क्रूने तिथेच चिरणार. तापमान वाढवून जोड बसत नाही, उलट एबीएसमधलं रबर जळतं आणि उरलीसुरली ताकद जाते. 250 ला चालवलेला माल परत दळून वापरू नका.

याच्या उलट पीपीओ नावाचं प्लास्टिक आणि पॉलिस्टायरीन बघा, ती जोडी अगदी एकजीव होते, 1960 च्या दशकापासून त्याचा मिश्र दाणा विकला जातोय. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचंही चांगलं जमतं. म्हणून कुणी "सगळं स्टायरीनच आहे, चालतंय" म्हणालं तर ऐकू नका, प्रत्येक जोडी वेगळी बघावी लागते.

थ्रीडीवाली_कोथरूड:
मी मोल्डिंगमधली नाही पण एक गोष्ट रोज हाताने करते ती सांगते. आम्ही एबीएसचं मॉडेल प्रिंट करताना खालचा आधार हिप्सचा देतो आणि नंतर सगळं लिमोनीनमधे बुडवतो, संत्र्याच्या सालीतलं तेल असतं ना ते. हिप्स विरघळून जातं, एबीएस जसंच्या तसं राहतं. तुम्ही हेच टेस्ट म्हणून वापरा की! ग्राइंडिंगमधले वीसेक तुकडे घ्या, काचेच्या बरणीत लिमोनीन, रात्रभर ठेवा. सकाळी चिमट्याने दाबून बघा, लिबलिबीत झाले ते हिप्स, कडक राहिले ते एबीएस. अ‍ॅसिटोनने करू नका, त्यात एबीएस विरघळतं आणि हिप्सही फुगून मऊ पडतं, त्यामुळे गोंधळ होतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास शेगडी, गॅस काही नको, ते तेल पेट घेतं.

सोलवाला_ठाणे:
टायरच्या पावडरबद्दल मी बोलतो कारण माझं आयुष्य रबरात गेलंय. कृपा करून टाकू नका. टायरचं रबर गंधक घालून शिजवलेलं असतं, साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात, त्यामुळे ते वितळतच नाही, भाकरी भाजली की तिचं परत पीठ होत नाही तसं. पावडर म्हणजे अर्धा मिलिमीटरचे कण, म्हणजे 500 मायक्रॉन. आणि हिप्समधल्या रबराचा कण असतो साधारण 1 ते 5 मायक्रॉन, एबीएसमधे तर बहुतेक 1 मायक्रॉनच्याही खाली, शिवाय तो भोवतालच्या प्लास्टिकला ग्राफ्ट करून, म्हणजे रासायनिक बंधाने, चिकटवलेला असतो. म्हणून धक्का बसला की ताण त्या लाखो बारीक कणांपाशी वाटला जातो आणि चीर थांबते. तुम्ही टायरचा कण टाकलात तर तो न चिकटता तसाच खड्यासारखा बसेल आणि चीर तिथूनच सुरू होईल. टायरचा चुरा डांबरात चालतो, खेळाच्या मैदानाच्या मॅटमधे चालतो, स्क्रू बॉसमधे नाही.

वितळणारं रबर पाहिजे असेल तर ते एसबीएस, आमच्या बूट-चपलांच्या धंद्यात त्याच्या मिश्रणाला टीपीआर म्हणतात. त्यात दोन टोकांना स्टायरीन आणि मधे ब्युटाडाइन. स्टायरीनची टोकं एकत्र गोळा होऊन गाठी बनतात, गार असताना त्या गाठी रबराला धरून ठेवतात आणि 100 डिग्रीच्या वर सैल पडतात, म्हणून सोलचे रनर (साच्याच्या वाटेत गोठलेला माल) आम्ही दळून परत त्याच मशीनवर टाकतो. मालात नुसतं हिप्सच असेल तर 5-7 टक्के एसबीएसने त्याचा ठिसूळपणा बऱ्यापैकी जातो, टोकांचं स्टायरीन हिप्सच्या स्टायरीनमधे छान मुरतं. एबीएसला तसं जमत नाही, त्याला जास्त रबरवाली एबीएसचीच ग्राफ्ट पावडर लागते. फक्त एसबीएस बॅरलमधे फार वेळ तापत ठेवू नका, त्याच्यात दुहेरी बंध आहेत, गुठळ्या होतात.

मीठपाणी:
सगळ्यांनी मजबुतीचं सांगितलं, मला दुसरीच काळजी वाटतेय. टीव्हीची कव्हरं असतील तर त्यात ब्रोमीनचं अग्निरोधक असण्याची दाट शक्यता आहे, जुन्या मॉडेलमधे सर्रास घालायचे. त्यातल्या पीबीडीई प्रकारावर आपल्या ई-कचरा नियमात 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. तुमचा पार्ट स्वयंपाकघरात जाणार, लहान मुलं हात लावणार. एका लिटर पाण्यात 160 ग्रॅम मीठ आणि साबणाचा एक थेंब टाका, घनता 1.10 च्या जवळपास येते. साधं एबीएस आणि हिप्स दोन्ही तरंगतं, ब्रोमीनवालं बुडतं. पॉलिकार्बोनेटचं मिश्रण पण बुडतं, पण ते तरी तुम्हाला कुठे हवंय. बुडालेलं काही असेल तर दळून पुढे विकू नका, जाळू तर अजिबात नका, ई-कचऱ्याच्या अधिकृत रिसायकलरकडे द्या.

साचेवाला_भोसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचे विशेष. लिमोनीनची बाटली मागवली, 20 तुकडे टाकले, सकाळी 8 मऊ, त्यातले दोन तर चिमट्याला चिकटूनच आले. म्हणजे 40 टक्के हिप्स!! मीठपाण्यात मूठभर चुरा टाकला तर सात-आठ तुकडे सरळ तळाला गेले, ते बघून मात्र पोटात गोळा आला, कारण त्या मालाचे जवळपास 300 बेस पार्टीकडे गेले होते. फोन करून सगळे परत मागवले, नुकसान झालं पण तो माल कुणाच्या घरात गेलेला मला चालला नसता. व्हर्जिनमधे फक्त आमचाच रनर 15 टक्के टाकून नवीन लॉट काढला, बॉसमधे स्क्रू चार-चार वेळा काढघाल केला, चीर नाही. 2000 नग सोमवारी गेले, पार्टीने तीन दिवस सांभाळून घेतले.

आता 260 किलो चुरा पडून आहे. मीठपाणीभाऊ, पिंपात 1.10 चं पाणी करून आधी बुडणारं वेगळं काढायचं आणि मग वरचं झाडांच्या कुंड्यांच्या ताटलीला वापरायचं, असं केलं तर चालेल का? ताटलीला पापुद्र्याने बिघडत नाही, पण तरंगणाऱ्यात ब्रोमीन राहिलं तर?

मीठपाणी:
पाणी एकदा नाही, दोनदा करा, आणि चुरा एकसारखा बारीक दळून घ्या, मोठ्या तुकड्याला बुडबुडे चिकटून तो खोटा तरंगतो. त्यानंतर वरच्यातला एक किलो लॅबला एक्सआरएफवर (क्ष-किरणांच्या तपासणीवर) ब्रोमीनसाठी तपासायला द्या, बंदुकीसारखं यंत्र असतं, मिनिटभरात आकडा येतो. तो आकडा हातात येईपर्यंत ताटलीचा साचा चढवू नका.