मदत हवी आहे: स्तनातली गाठ काढून पाठीचं मांस भरणार, हात चालेल का?

सांजवेळ: ताईला स्तनाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, स्तन काढायचा नाही, फक्त गाठ काढू आणि पाठीचा स्नायू फिरवून खड्डा भरू. सोमवारी होकार कळवायचाय. ताई ब्लाऊज शिवते, घर त्यावरच चालतं. पाठीचा स्नायू काढल्यावर हात चालेल का? कृपया लवकर सांगा.

पारिजात: गाठ कुठल्या बाजूला, केवढी? केमो झाली का?

सांजवेळ: उजवीकडे. हाताबद्दल सांगा ना कुणीतरी.

रानजाई: माझं हेच झालंय, उजवीकडेच. पहिले दोन महिने वरच्या फळीवरचा डबा निघत नव्हता. पाठीत पाणी साचायचं, तीनदा सुईने काढलं. व्यायाम सोडला नाही. चौथ्या महिन्यात भाकरी थापायला लागले. धुण्याची बादली उचलताना मात्र अजून ओढ बसते.

जुना_वाचक: एवढे उपद्व्याप कशाला? पूर्ण काढून टाका. माझ्या मावशीने तेच केलं, बारा वर्षं ठणठणीत आहे.

पारिजात: मावशी बरी आहे याचा आनंदच आहे, पण त्यावरून सगळ्यांना हा सल्ला नको. मिलान आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे 20 वर्षांचे निकाल 2002 साली आले. स्तन काढला काय, राखला काय, जगण्यात फरक दिसला नाही. अट एकच, नंतर शेक (रेडिएशन) घ्यायचा. अमेरिकेतल्या अभ्यासात शेक न घेतलेल्या 39 टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत 14 टक्के.

जुना_वाचक: म्हणजे 14 टक्के तरी आलीच ना! मावशीला ती धास्तीच नाही.

पारिजात: स्तन काढल्यावरही छातीच्या कातडीवर कॅन्सर परत येऊ शकतो, दादा. आणि ते आकडे जुन्या औषधांच्या काळातले आहेत.

मुंबईकर_६७: परळला टाटा हॉस्पिटलात येणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा.

सांजवेळ: ऑपरेशन आमच्याच गावी आहे. गाठ 3 सेंमी होती, बाहेरच्या बाजूला, काखेकडे. केमो चार झाल्या, आता हाताला लागतच नाही.

पारिजात: हे आधी सांगायला हवं होतं. केमोआधी गाठीत क्लिप (खुणेसाठीचा धातूचा बारीक तुकडा) बसवली होती का? गाठ विरघळली तर नेमकं कुठे कापायचं ते त्या खुणेवरूनच कळतं. दुसरं, बाहेरच्या बाजूच्या गाठीसाठी काखेखालच्या वळीतली कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून भरता येते. स्नायू जागेवरच राहतो. खड्डा लहान असेल तर स्तनातलंच मांस सरकवूनही भागतं. ताईला यातलं काय जमेल ते डॉक्टरच ठरवतील, पण 'पाठीचाच स्नायू का?' हे सोमवारी जरूर विचारा.

रानजाई: मला हा पर्याय कुणी सांगितलाच नव्हता. नक्की विचार गं. काढलेल्या गाठीच्या कडेला कॅन्सर सापडला तर पुढे काय, तेही विचार.

सांजवेळ: क्लिपचं सोनोग्राफीच्या रिपोर्टात सापडलं, बसवलेली आहे. बाकी प्रश्न वहीत लिहून घेतले.

कृष्णाकाठ: ताईंना साखर आहे का? तंबाखू, मिशेरी?

सांजवेळ: साखर नाही. मिशेरी लावते, सकाळ-संध्याकाळ. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. त्याचा काय संबंध?

कृष्णाकाठ: तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. फिरवून आणलेल्या मांसाला रक्त कमी पडलं तर कडा काळ्या पडतात, जखम भरत नाही. आजपासून बंद करायला लावा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा. सोमवारपर्यंत थांबू नका.

सांजवेळ: डबी काढून घेतली. फोन लावतेय.