मदत हवी आहे: रानडुकरांसाठी कुत्री, कॅटाहूला मादीला कोणता नर लावावा? (टेक्सास)

सातारकर_परदेशी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, इथं शिकारीवाले किती आहेत माहीत नाही पण कुत्रेवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. आम्ही टेक्सासमधे सेगीनजवळ राहतो, ग्वाडलूप नदीच्या काठाला थोडी जमीन घेतलीये, गवताचं कुरण आणि पिकॅनची (अक्रोडासारखं फळ) जुनी झाडं. रानडुकरांनी वैताग आणलाय. रात्रीत अख्खा कळप येतो आणि सकाळी बघावं तर कुरण नांगरून ठेवल्यासारखं, त्यात ट्रॅक्टर घालायची भीती वाटते, आणि पिकॅन पडायला लागले की आमच्या आधी त्यांची वेचणी झालेली असते.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो म्हणजे धागा तिकडं भरकटायला नको. इथं हा संरक्षित प्राणी नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली, पुढं १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानटी डुकरं आणून सोडली, दोन्ही मिसळली, आणि आता राज्यात २६ लाखांच्या आसपास असतील असा टेक्सास ए अँड एम विद्यापीठवाल्यांचा अंदाज आहे. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर हंटिंग लायसन्स पण लागत नाही. लोक हेलिकॉप्टरमधून मारतात हो! मला तेवढं परवडत नाही.

तर शेजारी एक म्हातारा रँचर आहे, त्याच्या कुत्र्यांबरोबर जाऊन काम बघितलं आणि पटलं. त्याची एक कॅटाहूला जातीची मादी आहे, निळसर करडं अंग, त्यावर काळे डाग, एक डोळा घारा. कामाला एक नंबर. ती आता माजावर येईल आणि म्हातारबा म्हणतोय नर तू बघ, वेतातली दोन पिल्लं तुझी. लुइझियानातला एक नर मी ऑनलाइन बघून ठेवलाय, तो पण असाच डागवाला, दोन्ही डोळे घारे, फोटो बघूनच बायको म्हणाली हाच. दुसरा गावातलाच एक ब्लॅक माउथ कर जातीचा आहे, पिवळा, काळ्या तोंडाचा, दिसायला अगदी आपल्या गावाकडच्या कुत्र्यासारखा. त्याचं काम मी बघितलेलं नाही पण म्हातारबा त्याच्याच बाजूनं आहे.

कुठला लावू? आणि पिल्लू वाढवण्यापेक्षा तयार कुत्रं विकत घेणं बरं का? आणि बे-डॉग, कॅच-डॉग ही काय भानगड आहे ते कोणी नीट सांगेल का, म्हातारबाचं इंग्रजी मला निम्मंच कळतं.

बोमाँटचा_बंड्या

सातारकर, मी इकडं पूर्व टेक्सासात असतो, रिफायनरीतल्या दोस्तांबरोबर थंडीत जातो. भानगड अशी, बे-डॉगचं काम म्हणजे माग काढायचा, डुक्कर गाठायचं, आणि समोर उभं राहून भुंकत भुंकत त्याला जागेवर अडवून ठेवायचं. धरायचं नाही. फार तर पळायला लागलं तर मागून चावा घेऊन परत फिरवायचं. कॅटाहूला, ब्लॅक माउथ कर, प्लॉट हाउंड, आपल्या राज्याचा लेसी हे सगळे त्या कामाचे. कॅच-डॉग म्हणजे अमेरिकन बुलडॉग नाहीतर पिटबुल, तो पट्ट्याला बांधून बरोबर न्यायचा आणि कुत्र्यांनी अडवल्यावरच सोडायचा, तो जाऊन कान धरतो आणि सोडत नाही, मग माणूस मागनं जाऊन मागचे पाय उचलतो. धरणाऱ्याला नाक नसलं तरी चालतं. अडवणाऱ्याला नाक, दम आणि अक्कल तिन्ही लागतात, आणि नवीन माणसाची चूक इथंच होते, तो सगळ्यात आडदांड पिल्लू उचलतो.

फार रग असलेलं बे-डॉग जास्त टिकत नाही. मोठ्या नर डुकराचे खालचे सुळे वरच्या दातांवर घासून घासून धारदार झालेले असतात आणि खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, तिथं कुत्र्याचा दात लागत नाही आणि डुकरानं मान झटकली की कुत्र्याची छाती फाटते. उलटं, फार भित्रं लांबून भुंकणारं असेल तर डुक्कर उभंच राहत नाही, चालू पडतं. मधलं पाहिजे. एकटं असताना लांब उभं राहून भुंकेल आणि जोडीदार आले की जवळ सरकेल असं.

आता हे आठ आठवड्यांच्या पिल्लात दिसतं का, तर नाही. कोणी दिसतं म्हणालं तर तो विकायला बसलाय. म्हणून आईबाप दोघं कामावर बघायचे, जमलं तर मावश्या आणि आधीच्या वेतातली भावंडं पण बघायची. आई तू बघितलीस, निम्मं काम झालं. नर बघितल्याशिवाय लावू नको, फोटोवरून तर अजिबात नको.

तयार कुत्रं का पिल्लू? हातात एकही शिकलेलं कुत्रं नसेल तर पहिलं तयार घे. पिल्लू माणसाकडून कमी शिकतं, जाणत्या कुत्र्याबरोबर राहून जास्त शिकतं. पण तुझ्या बाबतीत म्हातारबाची मादीच मास्तरीण आहे, मग पिल्लू चालेल. फक्त घाई नको, वर्षाच्या आत मोठ्या नरासमोर सोडलं आणि एकदा जबर लागलं की काही कुत्री त्या दिवसापासून कामातून जातात.

रांगडा_कोल्हापुरी

भावा कशाला त्या अमेरिकन कुत्र्यांच्या मागं लागतोस, हितनं मुधोळ घिऊन जा! डुक्कर पळंल कुठं?

बोमाँटचा_बंड्या

@रांगडा_कोल्हापुरी, मुधोळ बघून पळणारं कुत्रं आहे दादा, डोळ्यावर शिकार करतं. नदीकाठच्या झाडीत चार फुटापलीकडं दिसत नाही, तिथं नाकाचं काम. आणि ती पातळ कातडी काटेरी झुडपात सोलून निघेल. पश्चिम टेक्सासात उघड्या माळावर मात्र ग्रेहाउंडच्या मिश्रणाची कुत्री वापरतात, दिसलं डुक्कर की पळत जाऊन धरायचं. सेगीनला तसा माळ नाही.

जनुकवेडी

सातारकर दादा, तो लुइझियानाचा डागवाला नर प्लीज लावू नका. का ते सांगते, थोडं लांबेल.

तुमच्या मादीचा तो निळसर डागाळलेला रंग म्हणजे मर्ल. हा जीन टेक्सास ए अँड एममधेच शोधला गेला होता, २००६ साली. एक प्रत असली की कुत्रं सुंदर दिसतं, डाग येतात, घारे डोळे येतात, बहुतेक वेळा बाकी काही बिघडत नाही. पण दोन्ही पालक मर्ल असले की प्रत्येक पिल्लाला चारात एक वेळा दोन्ही प्रती मिळतात, आणि अशी पिल्लं बरीचशी पांढरी निघतात, त्यातली काही बहिरी, काहींचे डोळे बारीक किंवा नीट न बनलेले. कॅटाहूलात इतर जातींपेक्षा कमी पांढरी निघतात म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही, पण रंग आहे म्हणजे ऐकू येतं असं नाही. आणि तुमच्या कामात बहिरं कुत्रं म्हणजे, बाकीच्यांनी डुक्कर अडवून भुंकायला सुरुवात केली तरी याला पत्ताच नाही, आणि तुम्ही मागे बोलावलं तरी येणार नाही. पांढरं पिल्लू दिसायला गोड असतं, कोणीतरी घेऊनही जातं, मग पुढं सगळं त्याच्या नशिबावर.

घारा डोळा असला की नजर जास्त किंवा कमी असं काही नसतं, ती नुसती दिसण्याची गोष्ट.

मादीला नर लावायच्या आधी दोघांची ब्रुसेला या जंतूची तपासणी करून घ्या, कुत्र्यांचा वेगळा ब्रुसेला असतो तो जोडी लावताना पसरतो, आणि रानडुकरांचा वेगळा असतो तो पण कुत्र्यांना होऊ शकतो. तो माणसांनाही होतो बरं का, डुक्कर साफ करताना हातमोजे घालाच. दोघांच्या खुब्याचे एक्सरे पण हवेत, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सूडोरेबीज, डुकरांकडून येणारा विषाणूचा रोग. मोठ्या डुकरांना त्याचं फारसं काही होत नाही पण कुत्र्याला झाला की भयंकर खाज सुटते, स्वतःलाच ओरबाडतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. तिथे कुत्र्यांसाठी लस नाही. कच्चं मांस, आतडी काहीही खायला द्यायचं नाही, कितीही लाडात आलं तरी. माणसाला तो सहसा होत नाही एवढंच बरं.

यवतमाळचा_शेतकरी

वाचून मजा वाटली बाप्पा. आमच्या इकडे तूर, हरभरा, भुईमूग काहीच ठेवत नाहीत हे डुकरं, अन आमी कुत्रं मागं सोडलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती शिकारच धरते. परवानगीसाठी अर्ज करा, पंचनामा करा, तवरिक पीक गेलेलं असते. आमचे गावठी कुत्रे रात्री मचाणीखाली बांधून ठेवतो, नुसते भुकतात तरी निम्मे डुकरं धुऱ्यावरूनच परत जातात. तुमी पण तसं करून पाहा ना, मारायचं काहून?

ब्रिस्बेनवाला_बापू

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या बाजूला बुल अरब नावाचं कुत्रं चालतं, बुल टेरियर, पॉइंटर आणि ग्रेहाउंड यांच्या मिश्रणातून काढलेलं. तेच शोधतं आणि तेच धरतं, दोन वेगळी कुत्री नेत नाहीत. पण इथल्या लोकांची कुत्री मार पण खूप खातात. छातीला जाड जाकीट आणि गळ्याला रुंद पट्टा, त्याशिवाय सोडायचं नाही. अर्जेंटिनाच्या डोगोचं पण कोणी सुचवेल, दिसायला जबरदस्त आहे, पण पांढरा रंग आणि बहिरेपणा तिथं पण आहे, ऐकण्याची टेस्ट झालेलीच घ्यावी.

नदीकाठचा

स्पष्ट बोलतो, राग नको. कुत्र्यांनी एका रात्रीत एक-दोन डुकरं मिळतील. कळप विखुरतो, आठवडाभर शेजाऱ्याकडं जातो आणि परत येतो. संख्या आहे तेवढीच ठेवायची म्हटली तरी दरवर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात. कुरण वाचवायचं असेल तर मोठा गोल पिंजरा लाव, काही आठवडे मका टाकून दार उघडं ठेव, कॅमेऱ्यात सगळा कळप आत दिसला की मगच दार पाड. अर्धा कळप पकडलास तर उरलेला अर्धा पुन्हा पिंजऱ्यात येणार नाही. कुत्री हौसेसाठी ठेव, हिशोबासाठी नाही.

सातारकर_परदेशी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोला जनुकवेडी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, लुइझियानावाला कॅन्सल.

@नदीकाठचा, राग कसला, पिंजरा म्हातारबाकडं आहे आणि आम्ही भागीत वापरतो. पण पिंजऱ्याला शिकलेली म्हातारी डुकरीण एक आहे, ती मका बाहेरूनच खाते आणि पोरांना पण आत जाऊ देत नाही, अशा दोन-चारांसाठीच कुत्री हवीत. @यवतमाळचा_शेतकरी, इथं जमीन लांबलचक आणि घर एका टोकाला, कुत्रं बांधून ठेवलं तर कोयोटींच्या (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) तावडीत सापडेल. तुमची मचाण मात्र आवडली.

मग पिवळा ब्लॅक माउथ करच फायनल समजू ना? त्याच्या अंगावर एकही डाग नाही, म्हणजे मर्लचा प्रश्न मिटला.

जनुकवेडी

नाही मिटला! हेच सांगायचं राहिलं होतं. मर्ल फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करतो. पिवळ्या अंगावर तो दिसतच नाही किंवा इतका पुसट दिसतो की कोणाच्या लक्षात येत नाही. आणि काम करणाऱ्या कर जातींच्या काही घराण्यांत मागे कुठेतरी कॅटाहूला मिसळलेला असतो. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन लॅबला पाठवायचा, डीएनए टेस्ट आहे, घरी बसून होते. ती येईपर्यंत मादीला जोडी लावू नका, या माजाला नाही जमलं तर पुढच्या माजाला. तोपर्यंत ती म्हातारी डुकरीण खाईल अजून थोडा मका.

सातारकर_परदेशी

बाप रे. हे म्हातारबाला कसं समजावू, तो म्हणणार आमच्या आजोबांनी कुठं टेस्ट केल्या होत्या. बघतो, किटचे पैसे मी देतो म्हटल्यावर ऐकेल. बंड्या, या थंडीत इकडं चक्कर मारशील का? त्या पिवळ्याचं काम तुझ्या नजरेनं बघायचंय, मला अजून नुसतं भुंकणं आणि अडवून भुंकणं यातला फरक पटकन कळत नाही.

बोमाँटचा_बंड्या

येतो की. थंडी पडू दे, आत्ताच्या उन्हात कुत्री पळवली तर डुकराआधी उष्माघातानं जातील. त्याला एकट्याला सोडू, तुझ्या मादीबरोबर नको, नाहीतर काम ती करेल आणि नाव याचं होईल. जीपीएस पट्टा माझ्याकडं आहे. डुक्कर गाठल्यावर एकटा किती वेळ थांबतो ते बघायचं, दहा मिनिटांत आपल्याकडं परत आला तर म्हातारबाला सांग नर दुसरा शोधू. आणि डबा वहिनींच्या हातचा, पोळीभाजी, इथलं बार्बेक्यू खाऊन कंटाळा आलाय.