अ‍ॅमेझॉनचा मालक नेमका कोणाला म्हणायचे?

खतावणी (धागाकर्ता)

अ‍ॅमेझॉन कोणाची, असे विचारले की बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता जेफ बेझोस यांचे नाव घेतात. हे उत्तर एके काळी बरेचसे खरे होते. आज ते केवळ सवयीने दिले जाते, असे माझे मत आहे. मे 1997 मध्ये कंपनीचा शेअर 18 डॉलरला प्रथम बाजारात आला, तेव्हा बेझोस यांच्याकडे 40 टक्क्यांहून अधिक हिस्सा होता. पुढे कर्मचाऱ्यांना शेअर देण्यासाठी नवे शेअर निघत गेले, त्यांनी स्वतः वेळोवेळी विक्री केली, काही शेअर दान केले, आणि 2019 मधील घटस्फोटात दोघांच्या हिश्श्याचा चौथा भाग, म्हणजे कंपनीचे सुमारे 4 टक्के, मॅकेन्झी स्कॉट यांच्याकडे गेले. एकट्या 2024 मध्ये बेझोस यांनी सुमारे साडेसात कोटी शेअर विकले आणि त्यांचे 1300 कोटी डॉलरहून अधिक आले. आज कंपनीचे एकूण शेअर 1000 कोटींच्या वर आहेत आणि त्यांत बेझोस यांचा वाटा 8 ते 9 टक्क्यांच्या आसपास आहे.

याउलट लोकांच्या बचतीचे फंड चालवणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी व्हॅनगार्डकडे 7 ते 8 टक्के, ब्लॅकरॉककडे 6 ते 7 टक्के आणि स्टेट स्ट्रीटकडे 3 टक्क्यांहून थोडे अधिक शेअर आहेत. या तिघांचा एकत्रित वाटा संस्थापकाच्या जवळपास दुप्पट भरतो. पण हा पैसा या संस्थांचा स्वतःचा नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये अ‍ॅमेझॉनचा समावेश अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी 500 निर्देशांकात झाला, आणि तेव्हापासून त्या निर्देशांकावर चालणाऱ्या प्रत्येक फंडाला हा शेअर घेणे भागच आहे. त्या फंडांत निवृत्तीसाठी साठवणाऱ्या शिक्षकांचे, परिचारिकांचे, कारकुनांचे पैसे असतात. तेव्हा अ‍ॅमेझॉनचा मोठा भाग सामान्य बचतदारांच्या मालकीचा आहे, हा माझा दावा. आपले मत काय?

उलटतपासणी

आकडे मान्य आहेत, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

मालक म्हणजे ज्याला वस्तूविषयी निर्णय घेता येतो तो, एवढी साधी कसोटी मी लावतो. आपल्या त्या काल्पनिक परिचारिकेला अ‍ॅमेझॉनच्या संचालकांच्या निवडणुकीत मत नसते, कारण शेअर फंडाच्या नावे असतात आणि मत फंडाचा व्यवस्थापक देतो. तिला अ‍ॅमेझॉनचा शेअर तेवढा विकताही येत नाही. विकायचा तर पाचशे कंपन्यांची अख्खी जुडी विकावी लागते. लाभांशाचे म्हणाल, तर या कंपनीने आजवर एकदाही लाभांश दिलेला नाही. ज्या मालकीत ना मत, ना निवड, ना वर्षाकाठी हाती पडणारे उत्पन्न, तिला मी फार तर भावाच्या चढउतारावरचा हक्क म्हणेन.

आणि हा "सामान्य बचतदार" तरी कोण? अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीनुसार 58 टक्के कुटुंबांकडे प्रत्यक्ष किंवा फंडांमार्फत शेअर होते, असे ऐकून कानाला बरे वाटते. परंतु त्याच संस्थेच्या संपत्तीवाटपाच्या आकडेवारीत कुटुंबांकडील एकूण शेअरपैकी 85 टक्क्यांहून अधिक मूल्य वरच्या 10 टक्के कुटुंबांकडे दिसते. डोकी मोजली तर मालक कोट्यवधी आहेत आणि डॉलर मोजले तर मूठभर. आपण सोयीनुसार डोकी मोजत आहात.

साक्षेपी

आपण दोघेही एक पायरी गाळून थेट वरच्या मजल्यावर वाद घालत आहात, म्हणून थोडे खालून सुरुवात करतो.

कायद्याच्या दृष्टीने भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतोच. गोदामे, सर्व्हर, मालवाहू विमानांचे करार, बँकेतील रोकड हे सारे कंपनी नावाच्या स्वतंत्र कायदेशीर व्यक्तीचे असते, आणि ही व्यक्ती 1996 पासून डेलावेअर राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली आहे. भागधारकाकडे असतो तो हक्कांचा एक संच: संचालक निवडण्याचा, ठराव मांडण्याचा, लाभांश जाहीर झालाच तर तो घेण्याचा, आणि कंपनी कधी मोडीत निघाली तर सगळ्यांची देणी भागल्यावर उरेल त्यात वाटा मागण्याचा. बेझोस यांच्याकडे एक शेअर असो वा नव्वद कोटी, गोदामातील एका खोक्यावरही ते मालक म्हणून हात ठेवू शकत नाहीत.

पुढची गंमत अशी की बाजारातून शेअर घेणाऱ्या बहुतेकांचे नाव कंपनीच्या भागधारक नोंदवहीत सापडणारच नाही. अमेरिकेत अशा शेअरची नोंद बहुतांशी सीड अँड कंपनी या एकाच नावावर असते. डिपॉझिटरी ट्रस्ट कंपनी या मध्यवर्ती संस्थेने नामधारी धारक म्हणून हे नाव ठेवलेले आहे. तिच्या खाली दलाल आणि बँका, त्यांच्या खाली फंड, आणि फंडांच्या खाली आपले बचतदार. प्रत्येक पायरीवर वेगळे खाते आणि वेगळा करार आहे. "कोणाचे?" या प्रश्नाचे उत्तर आपण कोणत्या पायरीवर उभे राहून विचारतो यावर बदलते, आणि कोणत्याही पायरीवर ते खोटे नसते.

ठिकठिकाणी फिरणाऱ्या "सर्वांत मोठे भागधारक" अशा तक्त्यांविषयीही सावध राहावे. 10 कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेला दर तिमाहीनंतर 45 दिवसांत आपल्या ताब्यातील शेअरची यादी अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे द्यावी लागते, आणि हे तक्ते तिच्यावरूनच बनतात. त्या यादीत पैसा कोण सांभाळतो हे लिहिलेले असते. पैसा कोणाचा, ते नसते. शिवाय ती वाचकाच्या हाती पडेपर्यंत दीड महिना जुनी झालेली असते.

खतावणी

साक्षेपी यांच्या प्रतिसादाबद्दल आभार. सीड अँड कंपनीचा उल्लेख मी मूळ लेखनातच करायला हवा होता.

उलटतपासणी यांच्या कसोटीला मात्र उत्तर देतो. मत हीच मालकीची खूण मानली, तर अ‍ॅमेझॉन हे माझ्या बाजूचे उदाहरण ठरते. या कंपनीत एकाच वर्गाचे शेअर आहेत आणि प्रत्येक शेअरला एकच मत आहे. गूगलने 2004 मध्ये आणि फेसबुकने 2012 मध्ये बाजारात येताना संस्थापकांसाठी दहा मतांचे वेगळे शेअर राखून ठेवले होते, त्यामुळे मार्क झुकरबर्ग अल्प आर्थिक हिस्सा असूनही बहुमत राखून आहेत. अलिबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीचे प्रकरण तर याहून विचित्र आहे. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात तिने 2500 कोटी डॉलर उभे केले, पण गुंतवणूकदारांच्या वाट्याला आला तो केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीतील हिस्सा. तिचा चीनमधील काही परवानाधारक कंपन्यांशी केवळ करारांनी बांधलेला संबंध आहे, आणि बहुसंख्य संचालक सुचवण्याचा हक्क भागधारकांकडे नसून आतल्या भागीदारांच्या एका मंडळाकडे आहे. बेझोस यांनी असा कोणताही तट बांधला नाही. उद्या बाकीचे सारे भागधारक एकत्र आले, तर त्यांना मतदानात हरवू शकतात.

उलटतपासणी

"उद्या एकत्र आले तर" या चार शब्दांवर आपला सगळा डोलारा उभा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत असे कधी झाले, तेवढे सांगावे.

घटस्फोटाचा तपशीलही आपण अर्धाच दिला आहे. 4 टक्के शेअर स्कॉट यांच्याकडे गेले खरे, पण त्यांवरचे मत बेझोस यांच्याकडेच राहिले. म्हणून कंपनीच्या वार्षिक सभेच्या कागदपत्रांत बेझोस यांच्या नावासमोर जो आकडा छापला जातो, त्यात आर्थिकदृष्ट्या त्यांचे नसलेले, परंतु ज्यांवर मत तेच देतात असे शेअरही धरलेले असतात. पैसा एकीकडे आणि मत दुसरीकडे असू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण नसेल.

खतावणी

तपशील बरोबर आहे आणि माझ्याकडून तो राहिला. मात्र ती व्यवस्था स्कॉट यांच्याकडे असलेल्या शेअरपुरती होती. त्यांनी दान केलेल्या किंवा बाजारात विकलेल्या शेअरवरचे मत बेझोस यांच्याकडे राहत नाही, आणि गेल्या काही वर्षांत स्कॉट यांनी आपला हिस्सा बराच कमी केला आहे.

पाचवा कोपरा

या चर्चेत कर्मचारी नावाचा भागधारक अजून कोणाच्या तोंडी आलेला नाही, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर 2018 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत तासाचे किमान वेतन 15 डॉलर करण्याचे जाहीर केले तेव्हा तिचे फार कौतुक झाले. त्याच निर्णयात ताशी वेतनावरील कामगारांना मिळणारे शेअर आणि मासिक प्रोत्साहन रक्कम बंद करण्यात आली, हे मात्र बातमीच्या खालच्या ओळींत राहिले. कंपनीचे म्हणणे असे होते की कामगारांना हातात पडणारी निश्चित रोकड अधिक आवडते. ते खरेही असेल, कारण महिनाअखेरीची देणी शेअरने भागत नाहीत. परंतु परिणाम असा झाला की कार्यालयात बसणाऱ्या अभियंत्याच्या मोबदल्याचा मोठा भाग आजही शेअरमध्ये मिळतो आणि खोकी उचलणारा त्या यादीतून बाहेर पडला. मालकी खालपर्यंत झिरपते असे म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या मजल्यावर थांबते तेही पाहावे.

ज्यांच्याकडे शेअर होते त्यांनी काय साधले, याचेही उदाहरण आहे. 2019 मध्ये काही कर्मचाऱ्यांनी भागधारक या नात्याने हवामानविषयक ठराव मांडला आणि त्याला सात हजारांहून अधिक सहकाऱ्यांनी जाहीर पाठिंबा दिला. मे महिन्याच्या सभेत तो फेटाळला गेला.

खतावणी

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने 2040 पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याची प्रतिज्ञा जाहीर केली. हरलेल्या ठरावालाही वजन असते. तसेही असे ठराव मंजूर झाले तरी बहुधा सल्लावजाच असतात, त्यांचे काम मुख्यतः दबाव आणण्याचे.

पाचवा कोपरा

प्रतिज्ञा जाहीर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कर्मचारी काम सोडून रस्त्यावर उतरणार होते आणि ही घोषणा त्यांनी आधीच करून ठेवली होती. दबाव शेअरचा होता की रिकाम्या पडणाऱ्या खुर्च्यांचा, हे मी आपल्यावर सोडतो.

साक्षेपी

एक बाजू अजून राहते. जे फंड अ‍ॅमेझॉनचे मोठे भागधारक आहेत, तेच वॉलमार्टचे आणि इतर साखळी दुकानांचेही आहेत. वॉलमार्टमध्ये निदान संस्थापक वॉल्टन कुटुंबाकडे 40 टक्क्यांहून अधिक हिस्सा असल्याने तिथे "मालक कोण" याचे उत्तर एका वाक्यात देता येते. अ‍ॅमेझॉनमध्ये मात्र एकत्रित मोजले तर सर्वांत वजनदार मतदार असे आहेत, ज्यांना तिने वॉलमार्टला हरवावे अशी विशेष निकड नाही, कारण दोन्ही पारडी त्यांच्याच तराजूत आहेत. यातून स्पर्धा मंदावते की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठे मतभेद आहेत, आणि अ‍ॅमेझॉनची चाल पाहता मंदावल्याचे मला तरी दिसत नाही.

व्हॅनगार्ड आणि ब्लॅकरॉक यांना एकाच ओळीत बसवणेही पूर्ण बरोबर नाही. 1975 मध्ये जॉन बोगल यांनी उभी केलेली व्हॅनगार्ड ही तिच्याच फंडांच्या, म्हणजे पर्यायाने त्यांतील गुंतवणूकदारांच्या मालकीची आहे. ब्लॅकरॉक ही स्वतः शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, आणि तिच्या मोठ्या भागधारकांत व्हॅनगार्ड आहे. मालकाचा माग काढत गेले की वाट अशी वळून पुन्हा त्याच दारात येते.

खतावणी

मत बचतदारापर्यंत पोहोचवण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत, हे या संदर्भात नोंदवतो. ब्लॅकरॉकने 2022 पासून काही ग्राहकांना मतदानाबाबत निवड करण्याची सोय दिली आणि व्हॅनगार्डने 2023 मध्ये काही फंडांपुरता तसाच प्रयोग केला. उलटतपासणी यांची कसोटी पूर्ण होण्याच्या दिशेने हे पाऊल नाही काय?

उलटतपासणी

पाऊल आहे, पण कोणाचे ते पाहा. व्हॅनगार्डच्या त्या प्रयोगात बचतदाराने आधीच तयार असलेल्या धोरणांपैकी एक निवडायचे असते: संचालक मंडळ म्हणेल तसे, फंडाच्या धोरणाप्रमाणे, किंवा यादीतील आणखी एखादे. अ‍ॅमेझॉनच्या अमुक संचालकाला माझा विरोध आहे, एवढे साधे वाक्य लिहायला त्या अर्जात रकाना नाही. तो रकाना ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी आपल्या परिचारिकेला भागधारक म्हणेन. मालक म्हणायचे की नाही, ते साक्षेपी यांच्याशी वेगळे भांडून ठरवू.