मदत हवी आहे : साड्यांच्या दुकानात आरएफआयडी बसवावं का?

नमस्कार मंडळी. आमचं साड्यांचं दुकान आहे, साधारण 9,000 नग. वर्षातून दोनदा स्टॉक मोजायला दोन-दोन दिवस शटर खाली. मागच्या मोजणीत 14 साड्या कमी भरल्या, त्यांत दोन पैठण्या. चोरी की नोंदीतला घोळ, अजून कळलेलं नाही.

आरएफआयडी म्हणजे प्रत्येक नगाला चिप असलेला टॅग, जो रीडर रेडिओ लहरींनी दुरूनच वाचतो. त्यासाठी एका विक्रेत्याचं कोटेशन आलंय : टॅग 8 रुपयांना एक, हातात धरायचे दोन रीडर 2 लाख 40 हजार, शिवाय सॉफ्टवेअरचे वर्षाला 40 हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी साडेतीन लाख! अण्णा म्हणतात, बारकोड आहे ना, मग हे कशाला? बारकोडला प्रत्येक साडी उचलावी लागते. इथे कपाटासमोर रीडर फिरवला की झालं. फास्टॅग चालतो तसंच.

पण डेमोत साध्या सुती साड्या फटाफट वाचल्या आणि खऱ्या जरीच्या पैठण्यांच्या गठ्ठ्यात 20 पैकी 13 च. धातूमुळे लहरी अडतात हे मला माहीत आहे. टॅग काठाला न लावता दोऱ्याने बाहेर लोंबता ठेवला तर फरक पडतो का? आमची कपाटंही लोखंडी आहेत.

कुणी वापरलंय का? टॅग लावायला माणसं किती लागली? आणि घट खरंच कमी झाली का? विक्रेता म्हणतो दीड वर्षात पैसे वसूल, माझ्या हिशोबात तीन वर्षं तरी दिसतात. आधी फक्त भारी मालाला टॅग लावून बघू का?