सल्ला हवा: मार्चमध्ये अँझा-बोरेगोची रानफुलं

मुग्धा_सॅनडिएगो
आई-बाबा पुण्याहून येतायत. मार्चचा दुसरा आठवडा मोकळा ठेवलाय. आईला झाडापेडांचं वेड, कासचं पठार तिने पाहिलंय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं नको. अँझा-बोरेगोत (कॅलिफोर्नियातलं वाळवंटी उद्यान) नेमकं कुठे जावं? फुलं मिळतील ना?

वाळूवाट
आठवडा चांगला निवडलात, पण फुलांचं सगळं पावसावर असतं. बी वाळूत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि हिवाळी पाऊस नीट झाला तरच रुजतं. २०१७ आणि २०१९ साली गालिचे पसरले होते. कोरड्या वर्षी तिथेच नुसती वाळू दिसते. निघण्याआधी बोरेगो स्प्रिंग्जच्या व्हिजिटर सेंटरला फोन करून विचारा.

बाबांसाठी हेंडरसन कॅन्यन रोड. गाडीतून उतरलं की समोरच जांभळी सँड व्हर्बिना, पिवळी डेझर्ट सनफ्लॉवर आणि पांढरी ड्यून प्रिमरोज. प्रिमरोज संध्याकाळी उमलते आणि ऊन तापलं की मिटते, म्हणून सकाळी लवकर पोचा.

आईंना मात्र ओकोटियो दाखवाच. नुसत्या काटेरी छड्यांचं झुडूप, पण पाऊस पडला की अंगभर पानं फुटतात, जमीन सुकली की गळून जातात, आणि हे वर्षातून कितीतरी वेळा. वसंतात शेंड्यांना लाल तुरे येतात, त्यावर हमिंगबर्ड. माझं मन गालिच्यापेक्षा यातच जास्त रमतं, आणि कोरड्या वर्षीही ओकोटियो सहसा फुलतो.

निवडुंग_प्रेमी
+१. फुलांवर जाडजूड सुरवंट दिसले तर आईंना सांगा, ते स्फिंक्स पतंगाचे. अर्जेंटिनाहून उत्तरेकडे परतणारे स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी ते खायला इथे उतरतात.

मोहरीसारखं पिवळं काही दिसलं तर ती सहारा मस्टर्ड. बाहेरून आलेली आहे, इथल्या फुलांची जागा आणि पाणी खाते. आणि कळकळीची विनंती: फोटोसाठी फुलांत शिरू नका. तुडवलेल्या रोपाला बी धरत नाही, मग पुढच्या पावसाला तिथे उगवणार काय?

मुग्धा_सॅनडिएगो
दोघांचेही आभार! निवडुंगांची फुलंही तेव्हाच दिसतील का?

निवडुंग_प्रेमी
बीव्हरटेलची गुलाबी फुलं तेव्हा सुरू झालेली असू शकतात. बाकीच्या बऱ्याच निवडुंगांसाठी एप्रिल बरा, पण तेव्हा ऊन कडक असतं. बाबांना मार्चच सोसेल. पाणी भरपूर घ्या आणि नकाशा आधीच डाउनलोड करा, आत रेंज मिळत नाही.