अमेरिकेच्या युद्धाधिकार ठरावातील ६० दिवसांची मुदत राष्ट्राध्यक्षांना का अडवत नाही?

प्रश्न:
अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, दिला आहे, तरी १९४२ नंतर काँग्रेसने एकदाही औपचारिक घोषणा केलेली नाही आणि कोरियापासून लिबियापर्यंत सैन्य मात्र लढतच आले आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी डावलून १९७३ मध्ये संमत झालेला ठराव सांगतो, की लढाईत सैन्य उतरवल्यास राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत अहवाल द्यावा आणि तेथून ६० दिवसांत मंजुरी न मिळाल्यास कारवाई थांबवावी. माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस मिळतात. इतके स्पष्ट बंधन निष्प्रभ का ठरते?

प्रतिसाद १:
मुख्य पळवाट शब्दार्थात आहे. मुदत लागू होते ती सशस्त्र संघर्षाला, पण त्याची व्याख्या ठरावात नाही. २०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले चालू असताना ओबामा प्रशासनाने असा युक्तिवाद केला, की जमिनीवर अमेरिकी सैन्य नाही आणि सलग चकमकीही नाहीत, म्हणून हा त्या अर्थाने संघर्षच नव्हे. बॉम्ब ज्यांच्यावर पडत होते त्यांना हा भेद कसा समजावणार? १९९९ मध्ये कोसोव्होची हवाई मोहीम ७८ दिवस चालली, तेव्हा काँग्रेसने पैसे दिले म्हणजे संमतीच दिली, असे सांगण्यात आले. वास्तविक निधी म्हणजे मंजुरी नव्हे, असे ठरावातच लिहिले आहे. काही सदस्य न्यायालयात गेले, पण त्यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही, असे ठरले.

प्रतिसाद २:
त्याहून खोल दुखणे १९८३ चे आहे. राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीविना, केवळ दोन्ही सभागृहांच्या ठरावाने सैन्य परत बोलावता येईल, अशी मूळ तरतूद होती. स्थलांतरितांसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारचा विधिमंडळाचा नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला आणि ती तरतूदही निरुपयोगी झाली. आता युद्ध थांबवणारा ठराव राष्ट्राध्यक्षांकडेच जातो. येमेनबाबत २०१९ मध्ये आणि इराणबाबत २०२० मध्ये बहुमताने संमत झालेले ठराव ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून फेटाळले. सुरू करायला एका माणसाचा निर्णय पुरतो आणि थांबवायला दोन-तृतीयांश मते लागतात. घटनाकारांनी नेमके याच्या उलट योजले होते.

प्रश्नकर्ता:
परंतु अचानक हल्ला झाला तर काँग्रेसच्या मंजुरीची वाट पाहत बसायचे का?

प्रतिसाद ३:
नाही. १७८७ च्या घटना परिषदेत मसुद्यातील ‘युद्ध करणे’ बदलून ‘युद्ध घोषित करणे’ असे शब्द घालण्यात आले, ते अकस्मात हल्ला परतवण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना राहावी म्हणूनच. वाद आहे तो आपण होऊन सुरू केलेल्या आणि लांबत जाणाऱ्या मोहिमांचा. यात काँग्रेसचाही दोष मोठा आहे. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तिने लष्करी कारवाईसाठी दिलेल्या अधिकारपत्राला ना मुदत होती, ना भौगोलिक सीमा; प्रतिनिधिगृहात त्याला सदस्य बार्बरा ली यांचे एकटीचेच विरोधी मत पडले, आणि पुढे ज्या संघटना त्या वेळी अस्तित्वातही नव्हत्या त्यांच्याविरुद्धही ते वापरले गेले. म्हणून माझ्या मते प्रत्येक मंजुरीला शेवटची तारीख असावी आणि ती उलटताच निधी आपोआप थांबावा. हा उपाय एकदा लागू पडला आहे: काँग्रेसने पैसे रोखले म्हणूनच कंबोडियावरील बॉम्बफेक १५ ऑगस्ट १९७३ रोजी थांबली, आणि तेव्हा युद्धाधिकार ठराव संमतही झालेला नव्हता.