पुण्याच्या मामांची जुनी कॅमरी हायब्रिड घ्यावी का? एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल सल्ला पाहिजे

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. पुण्याच्या मामांची २०१५ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही) हाय, सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास चाललीय, एकहाती गाडी. मामा रिटायर झाल्यापासून ती नुसती सोसायटीत उभी असते म्हणून मला घे म्हणतायत, भाव पण घरातलाच सांगितलाय. घरात बाबांचं एकच पालुपद, बॅटरी गेली की गाडी भंगारात. हायब्रिड बॅटरीची कंपनीची वॉरंटी तर कधीच संपली. आता इथल्या एका जुन्या गाड्यांच्या एजंटनं प्लॅन दाखवलाय, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी, त्यात इंजिन, गिअरबॉक्स 'आणि हायब्रिड सिस्टीम' असं लिहिलंय, ३५ हजार मागतोय. बाबा म्हणतायत वॉरंटी असली तर घे नाहीतर राहू दे. माझा रोजचा वापर बेळगावातच, महिन्यातून एकदा चोर्ला घाटावरून गोवा. काय करू सांगा बघू.

निपाणीचा पाहुणा:
कागद पूर्ण वाचलात काय ओ? पुढच्या पानावरचं नव्हे, मागचं बारीक अक्षरातलं. माझ्याकडं साधी डिझेल गाडी, तिला अशीच बाहेरच्या एका कंपनीची वॉरंटी काढलेली. टर्बो गेला, क्लेम टाकला. आधी म्हणाले सर्व्हिस रेकॉर्ड दाखवा, दाखवलं, मग एक सर्व्हिस उशिरा झालीय म्हणाले, मग म्हणाले आतला सील झिजणाऱ्या पार्टमध्ये येतो. असं करत करत हातात पडले ते बिलाच्या चौथाई पण नव्हते. नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी कागद उलटा वाचतो, काय देणार ते नंतर, काय देणार नाही ते आधी.

तुमच्या प्लॅनमध्ये 'हायब्रिड सिस्टीम' म्हणजे नक्की काय ते विचारा. बॅटरी पॅक असं शब्दात लिहिलंय काय? इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा)? एका क्लेमला जास्तीत जास्त किती देणार? आणि 'आधीपासून असलेला दोष' बाहेर ठेवलाय काय तेवढं बघाच, कारण दहा वर्षांची बॅटरी तीन महिन्यांनी बसली तर दोष आधीचा नव्हता हे तुम्ही कसं दाखवणार? त्याहून मोठा प्रश्न म्हणजे पैसे शेवटी कोण देणार, मागं एखादी इन्शुरन्स कंपनी हाय की नुसता एजंटचा शिक्का. शिक्काच असला तर दुकान बंद झालं की वॉरंटी पण बंद. ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी पण नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारता पण येतं. पण तिथं तारखा सुरू झाल्या की तुम्हाला वेळ पाहिजे, आणि गाडी तोपर्यंत उभीच.

उद्यमबाग फिटर:
बाबांची भीती अर्धी खरी हाय. बॅटरी जाते, पण सगळीच्या सगळी एका रात्रीत जात नाही. त्या कॅमरीत निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी, ३४ मॉड्यूल म्हणजे छोटे बॅटरीचे डबे एकामागं एक जोडलेले, सगळे मिळून २४४.८ व्होल्ट. त्यातला एखादा मॉड्यूल कमजोर होतो आणि बाकीच्यांना खाली ओढतो. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण येतो, स्कॅनर लावला की पी०ए८० कोड दाखवतो, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला. एवढं होईपर्यंत गाडी मायलेज कमी करून, पंख्याचा आवाज वाढवून बऱ्याच वेळा सांगत असते, आपण ऐकत नाही.

म्हणून मी म्हणतो ३५ हजारातले थोडे आधी तपासणीत घाला. ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलवर डॉक्टर प्रियस ॲप घेऊन गाडी चढावर पळवा, एसी फुल ठेवून. प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे दोन दोन मॉड्यूलच्या जोडीचं, व्होल्टेज वेगवेगळं दिसतं. सगळे बरोबर खालीवर होत असले तर जीव हाय. एखादाच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली बसत असेल तर मामांशी भाव परत बोला.

आता पंखा. मागच्या सीटच्या आसपास जाळी असते, केबिनची हवा तिथून खेचून बॅटरी गार करतात. शहापूरच्या एका साडीवाल्यांची हायब्रिड आमच्याकडं आलेली, मागच्या सीटवर दिवसभर साड्यांचे गठ्ठे ने आण. जाळी काढली तर आत धाग्यांची आणि रेशमाच्या तुसाची गादीच तयार झालेली, पंखा फिरतोय पण हवाच जाईना. बॅटरी तापून तापून वेळेआधी म्हातारी झाली. ती जाळी स्वच्छ ठेवणं हीच खरी वॉरंटी, आणि तिला फक्त व्हॅक्यूम लागतो.

आणखी एक, रस्त्यावरच्या एसीवाल्याकडं ही गाडी अजिबात नेऊ नका. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याला वेगळं एस्टर ऑईल लागतं. साध्या गाड्यांच्या एसीचं नेहमीचं पीएजी ऑईल गेलं की हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन बिघडतं, आणि मग चांगली बॅटरी असून पण गाडी रेडीत (डॅशबोर्डवर READY, म्हणजे चालायला तयार) यायला नकार देते. कुणी 'एक मॉड्यूल बदलून देतो, स्वस्तात होतंय' म्हणाला तर विचार करून. म्हाताऱ्या बैलाशेजारी दांडगा खोंड जुंपला की जू सरळ राहत नाही, तसंच. काही महिन्यांनी दुसरा मॉड्यूल बसतो.

खानापूरची रेखा:
फिटर दादा म्हणतायत ते जुन्या गाडीला बरोबर हाय, पण इथं वाचणाऱ्यांनी सगळ्याच एक्स्टेंडेड वॉरंटीला शिव्या घालू नयेत म्हणून लिहिते. माझी २०२२ ची टोयोटाचीच हायरायडर हायब्रिड. कंपनीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी होती, बॅटरीची वेगळी, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी. तीन वर्षं संपायच्या आधी मी कंपनीचीच एक्स्टेंडेड, एकूण ५ वर्षं, २ लाख २० हजार किमीपर्यंतची घेऊन टाकली. मिस्टर म्हणत होते बॅटरी आठ वर्षं हाय की, मग कशाला. अहो पण बॅटरी सोडून गाडीत इन्व्हर्टर हाय, विजेवरचा एसी कॉम्प्रेसर हाय, स्क्रीन हाय, त्याला कोण बघणार? आठ वर्षांच्या बॅटरी वॉरंटीत बॅटरीच्या पलीकडं नक्की काय धरलंय ते बुकलेट उघडूनच बघायचं, सेल्सवाल्याच्या तोंडावर जायचं नाही. कंपनीची गाडीबरोबर पुढच्या मालकाकडं पण जाते, विकताना तेवढाच भाव मिळतो. पण ती मुदतीत घ्यायची असते, संपल्यावर जाऊन दारात उभं राहिलात तर नाही मिळत.

आणि उंदीर! आमच्याकडं ऊसतोड लागली की शेतातले उंदीर सगळे घराकडं, तिथून बोनेटमध्ये. गेल्या हंगामात वायरिंग कुरतडली. वॉरंटीवाले म्हणाले हे आमच्यात बसत नाही, ते इन्शुरन्समध्ये. तेव्हा ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी झिरो डेप (घसारा न कापणारा इन्शुरन्स) घेताना तेवढं विचारून घ्या. पावसात पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी गेलं तर ते पण वॉरंटीत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं ॲडऑन लागतं. जांबोटीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको.

टिळकवाडीकर:
सगळ्यांचे आभार. एजंटला फोन केलता, कागदात बॅटरी पॅक लिहून द्या म्हटलं तर 'ते आम्ही बघू ओ, काळजी करू नका' म्हणाला. मग लक्षात आलं. फिटर अण्णा, गाडी महिना महिना उभी असते त्याचं काय? मामा म्हणतायत मागच्या महिन्यात चालूच होईना, मेकॅनिकनं येऊन जम्प दिला. बाबांना कळलं तर संपलंच, ते म्हणणार बघ गेली बॅटरी.

उद्यमबाग फिटर:
बसली ती मोठी हायब्रिड बॅटरी नव्हे, डिकीतली १२ व्होल्टची छोटी. गाडीचा कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचे रिले सगळे हिच्यावर जागे होतात, ही बसली की मोठी चांगली असून पण काही उपयोग नाही. बाबांना हे समजावून सांगा, अर्धं भांडण इथंच मिटेल. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा रेडीत ठेवून अर्धा तास तरी चालवा, नुसती पी (पार्क) मध्ये उभी चालू ठेवली तरी चालेल, एन (न्यूट्रल) मध्ये मात्र नको, एन मध्ये चार्ज होत नाही. नवी घालताना डिकीत बसणारी व्हेंट (गॅस बाहेर सोडायची नळी) असलेली एजीएम (सीलबंद) बॅटरीच घाला, बाहेर मिळणारी साधी नको. आणि ह्या गाडीवरून दुसऱ्याच्या गाडीला जम्प कधी देऊ नका, शेजारधर्म वगैरे राहू दे.

ब्रेकचं पण बघून घ्या. पॅड भरपूर टिकतात, ब्रेकचं बरंच काम मोटरच करते ना, पण त्याचमुळं पॅड दाबणारे कॅलिपर कमी हलतात आणि पावसाळ्यात पिना गंजून अडकतात. वर्षातून एकदा खोलून ग्रीस. ब्रेक ऑईल बदलताना हवा काढायला स्कॅनर लागतो, तो नसलेल्या गॅरेजला सांगू नका. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, केबल दिसली की हात लांब, हे आमच्या पोरांना पण ओरडून सांगावं लागतंय. आणि चोर्ला उतरताना बॅटरी फुल झाली की इंजिन अचानक घोंघावतं, घाबरू नका, गाडीच ब्रेक लावतेय.

निपाणीचा पाहुणा:
एक राहिलं. पुण्याची गाडी म्हणजे एमएच नंबर. बेळगावात कायमची ठेवणार तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत) आणून केए २२, म्हणजे बेळगावचा नंबर, करावा लागणार, आणि कर्नाटकचा टॅक्स कमी नाही. २० लाखांवरच्या नव्या गाडीला १८ टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण धरतात मूळ किमतीवर, मामांच्या घरातल्या भावावर नव्हे. महाराष्ट्रात भरलेल्याचा उरलेला भाग रिफंड मागता येतो, फक्त अर्जाच्या मागं लागायची तयारी ठेवा. आकडा आरटीओत विचारून घ्या आणि मग मामांशी बोला.

टिळकवाडीकर:
टॅक्सचं डोक्यातच नव्हतं. उद्याच आरटीओत जातो. बाकी एजंटचा प्लॅन कॅन्सल, तेवढे पैसे बाजूला ठेवतो बॅटरीसाठी. रविवारी पुण्याला जातोय गाडी बघायला. फिटर अण्णा, स्कॅनर एक दिवस मिळेल काय? चन्नम्मा सर्कलला येऊन घेतो.

उद्यमबाग फिटर:
शनिवारी संध्याकाळी या, सातच्या आत. ॲप आधी डाऊनलोड करून ठेवा आणि मामांना सांगा गाडी त्या दिवशी धुऊन नका ठेवू, जाळीतली धूळ मला फोटोत बघायचीय.